मुंगूस दुपारी येतं

कोंबडी गेली की घरात पहिला प्रश्न उठतो: कुणी नेली? मग नावं निघतात. कोल्हा, बाऊल म्हणजे रानमांजर, मुंगूस, पलीकडच्या आळीतलं कुत्रं, क्वचित एखादा माणूसही. त्यातलं एक नाव ठरतं, चार दिवस त्याला शिव्या बसतात आणि पाचव्या दिवशी दुसरी कोंबडी जाते. मला वाटतं, आधी दुसरे दोन प्रश्न विचारावेत. कधी गेली? कुठून गेली? या दोहोंची उत्तरं मिळाली की नाव बहुतेक वेळा आपसूक कळतं. नाही कळलं तरी अडत नाही, कारण आपल्याला राखायची असते ती वेळ आणि बुजवायची असते ती फट.

परसातल्या दहा-बारा कोंबड्यांचा हिशेब पोल्ट्रीच्या शेडसारखा करता येत नाही. दुधाचं बिल डेअरीतून घरच्या कर्त्याच्या खात्यावर जमा होतं, सोयाबीन आणि कांदा आडत्याकडे जातो. अंड्यांचे पैसे मात्र घरातल्या बाईच्या डब्यात पडतात. मुलीची वही, भिशीचा हप्ता, माहेरी जायचं एसटीचं तिकीट, यांसाठी तिला कुणापुढे हात पसरावा लागत नाही तो या डब्यामुळे. तिने खुडूक कोंबडी बसवलेली असते, 21 दिवस तिच्या अंगावर कुणाला जाऊ दिलेलं नसतं, आणि मग बारातली नऊ पिल्लं आठवड्याभरात नाहीशी होतात. ती पिल्लं वाचली असती तर सहा-सात महिन्यांनी त्यातल्या तलंगा अंड्यावर आल्या असत्या. गेलं ते सगळं. कोंबडी राखणं हा विषय मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो.

सुरुवात दिवसापासून करू, कारण बहुतेकांचं सारं लक्ष रात्रीवर असतं. संध्याकाळी खुराडं लावलं, वर दगड ठेवला, की राखण झाली असं मानलं जातं. पण आपल्याकडे परसातल्या कोंबड्यांचा एक मोठा शत्रू दिवसाढवळ्या फिरतो. मुंगूस हे दिवसाचं जनावर आहे. ऊन वर आलं की ते बांधाच्या कपारीतून, दगडांच्या राशीतून बाहेर पडतं. त्याच वेळी घरातली माणसं रानात गेलेली असतात, म्हातारी ओसरीवर कलंडलेली असते आणि पोरं शाळेत असतात. कोंबड्या कुंपणाच्या कडेला, सावलीतल्या भुसभुशीत मातीत अंग घोळत पडलेल्या असतात. सगळं जुळून येतं.

मुंगूस दिवसाचं आहे हे विसरल्याने काय होतं, याचा धडा जमैका बेटाने घेतला आहे. तिथल्या उसाच्या मळ्यांत उंदरांनी हैदोस घातला होता. तेव्हा 1872 साली एस्प्युट नावाच्या मळेवाल्याने भारतातून, कलकत्त्याहून, नऊ मुंगसं मागवून तिथे सोडली. पुढे त्यांच्याच वंशातली मुंगसं 1883 साली हवाई बेटांवर नेली गेली. उंदीर मुख्यतः रात्री हिंडतात, मुंगूस दिवसा, त्यामुळे मळेवाल्यांचा हिशेब जमला नाही. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांवर आणि लोकांच्या कोंबड्यांवर मात्र ती तुटून पडली, आणि दोन्हीकडे आजही ती उपद्रवी म्हणूनच ओळखली जातात. आपल्याकडे ती इथलीच आहेत, रानात त्यांचं काम आहे, उंदीर, साप आणि किडे यांवर ती जगतात. फक्त आपली कोंबडी त्यांच्या वाटेत दुपारी मोकळी असते.

तेव्हा पहिला उपाय वेळेचा. कोंबड्या सकाळी नऊ-दहापर्यंत खुराड्यातच किंवा जाळीच्या आवारात राहू द्याव्यात. याचा एक फायदा लगेच दिसतो. बहुतेक अंडी सकाळच्या वेळात घातली जातात, त्यामुळे ती आतच मिळतात. नाहीतर कोंबडी करवंदीच्या जाळीत चोरून अंडी घालते, तिथेच खुडूक होऊन बसते आणि एक दिवस तिथे नुसती पिसं सापडतात. दुसरा उपाय जागेचा. खुराड्याला लागून सरपणाचा ढीग, कडब्याची गंजी, घर बांधताना उरलेले दगड आणि कौलं असली, तर मुंगूस, घूस आणि साप या तिघांना आपणच बिऱ्हाड दिल्यासारखं होतं. हे सगळं दहा-बारा पावलं लांब हलवावं आणि भोवतालचं गवत कापून ठेवावं. उघडी जमीन ओलांडायला मुंगूस कचरतं. हे काम एका रविवारी उरकतं, आणि माझ्या मते कुठल्याही महागड्या जाळीइतकाच त्याचा उपयोग होतो.

कोंबडीच्या बाजूने बोलायचं तर दिवसा ती अगदीच असहाय नसते. तिचे डोळे दोन बाजूंना असल्याने मान न वळवताही तिला भोवतालचं पुष्कळ दिसतं. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात, तिच्या डोळ्यात चार प्रकारच्या. आणि तिच्यासोबत कोंबडा असतो. कोंबडा नुसता आरवण्यासाठी पाळतात असं समजणाऱ्यांनी एक दुपार त्याच्याकडे बघत बसावं. आभाळात काही सरकलं तर तो एक बारीक, लांबट, किंचाळल्यासारखा आवाज काढतो. जमिनीवरून काही आलं तर वेगळा, तुटक, कटकट-कटाक असा ओरडा चालू ठेवतो. क्रिस्टोफर इव्हान्स आणि पीटर मार्लर या संशोधकांनी हे प्रयोगाने दाखवलं. त्यांचा निबंध 1993 साली प्रसिद्ध झाला. त्यांनी हे दोन आवाज कोंबड्यांना ध्वनिमुद्रणावरून ऐकवले, समोर शिकारी नसतानाही. पहिला आवाज ऐकताच कोंबड्या आडोशाखाली पळाल्या आणि अंग चोरून बसल्या. दुसरा ऐकताच त्यांनी ताठ उभं राहून आजूबाजूला पाहायला सुरुवात केली. म्हणजे कोंबड्याची हाक नुसती भीतीची नसते, धोका वरून आहे की खालून हेही ती सांगते. याच संशोधकांच्या गटाला असंही आढळलं होतं की आसपास कोंबडी असली तर कोंबडा वरच्या धोक्याची हाक जास्त वेळा देतो.

याचा व्यवहारात अर्थ असा की कळपात एक जाणता कोंबडा असू द्यावा, विकायची घाई करू नये. आणि तो 'वर बघा' म्हणाला तर पळून जायला कोंबड्यांना जागा हवी. सारवलेलं, स्वच्छ, मोकळं अंगण दिसायला सुरेख असतं, पण शिक्रा आणि घार यांना तेच सोयीचं. अंगणाच्या मधोमध कर्दळीचं बेट, अळूचा वाफा, एखादी उलटी टाकलेली तुटकी बाज, जुना पत्रा चार विटांवर ठेवून केलेला आडोसा, असं काहीही चालतं. पिल्लांना कुठूनही चार उड्यांत गाठता येईल इतक्या अंतरावर आडोसा असला की झालं.

शिक्रा कबुतराएवढा पक्षी. वाढलेली कोंबडी उचलणं त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे, तो पिल्लांवर येतो. घारही तशीच. पण माझ्या मते पिल्लांचा खरा काळ कावळा आहे, त्यातही डोमकावळा. घार एक झडप घालून निघून जाते. कावळा छपरावर बसून पाहत राहतो, आई कोंबडी कधी पाठ फिरवते, घरातली बाई कधी पाण्याला जाते हे त्याला ठाऊक होतं, आणि रोज एक या हिशेबाने पिल्लं कमी होत जातात. बुजगावणं, चकाकणाऱ्या सीडी, बाटल्यांच्या माळा यांना तो दोन-चार दिवस दबकतो, मग त्यांच्यावरच बसतो. कावळ्यावर उपाय एकच, वरून जाळी. कोकणात मासेमारीचं जुनं, विरलेलं जाळं मिळतं, ते पिल्लांच्या आवारावर ताणून बांधतात आणि ते उत्तम काम देतं. मात्र ते ताठ बांधलेलं हवं. सैल लोंबणाऱ्या जाळ्यात घुबडापासून मण्यारीपर्यंत काहीही अडकतं, आणि जमिनीलगत सोडलेल्या नायलॉनच्या जाळ्यात साप अडकला की त्याचे फार हाल होतात. सोडवणाऱ्या माणसाच्याही जिवावर बेततं.

जाळं नसेल तर आपलं जुनं डालगं आहेच. बुरुडाने विणलेल्या बांबूच्या डालग्याखाली आईसकट पिल्लं झाकून ठेवणं ही पद्धत अजूनही कामाची आहे. पट्ट्यांमधून हवा आणि ऊन जातं, कावळ्याची चोच आत पोचत नाही. डालग्याचा दुबळेपणा वजनात असतो. कुत्रं नाक घालून ते उलटतं, मुंगूस कडेखाली उकरतं. म्हणून ते फरशीवर किंवा चोपलेल्या जमिनीवर ठेवावं आणि वर चांगला जड दगड ठेवावा. पहिले पाच-सहा आठवडे हे निगुतीने केलं तर बराचसा डाव जिंकला. वनराजसारख्या सुधारित जातींची पिल्लं तर मुळातच चार ते सहा आठवडे आत सांभाळून मगच परसात सोडायची असतात. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने ही जात काढली तेव्हा परसातल्या जगण्याचा विचार केला होता. रंगीत पिसारा, लांब पाय, म्हणजे पळता यावं आणि झुडपात चटकन दिसू नये. तरी वजन वाढलेली वनराज कोंबडी देशी कोंबडीसारखी झाडावर उडून बसत नाही. पांढऱ्याशुभ्र कोंबड्या मोकळ्या सोडणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. हिरव्या रानात त्या फार लांबून दिसतात.

आता रात्र. दिवसा इतकी सावध असणारी कोंबडी अंधार पडला की जवळजवळ आंधळी होते. तिचे डोळे उजेडासाठी घडलेले आहेत, आणि अंधारात न हलता बसून राहणं हाच तिच्या पूर्वजांचा, रानकोंबड्यांचा, बचावाचा मार्ग होता. रानकोंबडा झाडावर उंच बसतो, त्याला हे परवडतं. जमिनीवरच्या खुराड्यात बंद असलेल्या कोंबडीला हीच सवय घातक ठरते. आत जनावर शिरलं तर तिला ना दिसतं, ना पळता येतं.

म्हणूनच कधी कधी सकाळी खुराडं उघडल्यावर जे दिसतं ते पाहून माणूस हादरतो. सात-आठ कोंबड्या मरून पडलेल्या, खाल्लेली एखादीच. लोक म्हणतात, जनावर माजलंय, मुद्दाम मारलं. हान्स क्रूक या प्राणिशास्त्रज्ञाने 1972 साली या वागण्याबद्दल लिहिलं. त्याने इंग्लंडच्या किनाऱ्यावर कोल्ह्याच्या जातीच्या प्राण्याला, खोकडाच्या भावंडाला, कुरवांच्या वसाहतीत असंच करताना पाहिलं होतं. काळ्याकुट्ट रात्री पक्षी उडाले नाहीत, आणि त्याने खाण्याच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त मारले. रानात एकावर झडप घातली की बाकीचे पळून जातात, त्यामुळे शिकार तिथेच थांबते. जिथे सावज पळत नाही तिथे शिकाऱ्याला थांबवणारं काही उरत नाही. खुराडं ही नेमकी तशी जागा. आत शिरायला वाट आणि बाहेर पळायला मज्जाव. म्हणून रात्रीच्या खुराड्याबाबत अर्धवट बंदोबस्त हा बंदोबस्त नसण्यापेक्षा वाईट. झाडावर बसलेल्या दहा कोंबड्यांतली एक जाईल, फट असलेल्या खुराड्यातल्या दहाही जातील.

खुराड्याची चर्चा जाळीपासून सुरू होते आणि तिथेच पहिली गफलत होते. बाजारात मिळणारी षटकोनी भोकांची पातळ जाळी सगळे 'कोंबडीची जाळी' म्हणूनच मागतात. इंग्लंडमधल्या नॉर्विच गावच्या चार्ल्स बर्नार्ड नावाच्या लोखंडी सामानवाल्याने 1844 च्या सुमारास ती यंत्रावर विणायला घेतली. ती कोंबड्यांना आत ठेवते. बाहेरच्याला बाहेर ठेवायला ती पुरी पडत नाही. कुत्रं ती दातांनी ओढून फाडतं, उंदीर भोकातून सरळ आत जातात, आणि गंजली की हाताने तुटते. रात्रीच्या खुराड्याला अर्ध्या इंची चौकोनाची, सांधे जोडलेली वेल्ड मेश लावावी, निदान जमिनीपासून तीन फुटांपर्यंत. वर षटकोनी चालेल. मुंगूस, उदमांजर, उंदीर यांच्याबाबत एक साधा नियम लक्षात ठेवावा: डोकं शिरलं की अंग शिरतं. खुराड्याभोवती बसून प्रत्येक फटीत दोन बोटं घालून बघावं. बोटं सहज आत जात असतील तर ती फट बुजवायची.

जमीन कच्ची असेल तर खालून येणाऱ्यांचा विचार करावा लागतो. घूस उकरते, कुत्रं उकरतं, कोल्हाही उकरतो, आणि तिघंही उकरायला भिंतीच्या अगदी पायाशीच सुरुवात करतात. म्हणून जाळी खोल पुरण्याची मेहनत न करता दीड फूट रुंदीची पट्टी भिंतीपासून बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी पसरावी, भिंतीच्या जाळीला तारेने शिवावी आणि वर माती-दगड टाकावेत. उकरणाऱ्याच्या नखांना लगेच तार लागते. चार पावलं मागे जाऊन तिथून बोगदा काढावा हे त्याला सुचत नाही. कोकणात चिऱ्याची खुराडी बांधतात, ती भक्कम असतात, पण सांधे सिमेंटने भरलेले नसले तर त्या पोकळीत उंदीर राहतात आणि उंदरांमागून नाग व धामण येतात. पायांवर उचललेलं लाकडी खुराडं असेल तर प्रत्येक पायाला गुळगुळीत पत्रा गुंडाळावा.

बसायचा दांडा जाळीला चिकटून नसावा. कोंबडी जाळीला टेकून झोपली तर बाहेरून पंजा किंवा तोंड घालून तिची मान ओढली जाते आणि सकाळी बिनडोक्याची कोंबडी आत पडलेली असते, दार लावलेलं, जाळी शाबूत. अनेक घरांत अशा वेळी करणी-भानामतीपर्यंत गोष्ट जाते. दांडा चारी बाजूंच्या जाळीपासून दीड फूट आत घेतला की हा प्रकार थांबतो. रात्रीपुरती एका देशी कोंबडीला साधारण एक चौरस फूट जागा पुरते, त्याहून दाटी झाली तर कडेच्या कोंबड्या जाळीवर ढकलल्या जातात.

आणि दार. इतकी खुराडी पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे की जाळीच्या दोषामुळे जितक्या कोंबड्या जातात त्याहून जास्त दारामुळे जातात. एकच कडी मधोमध असते, खालचा कोपरा वाकतो, कुत्रं तिथे नाक खुपसतं. वर एक आणि खाली एक अशा दोन कड्या हव्यात, कोयंड्यात खिळी हवी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दार लावायचं काम घरात एका माणसाचं ठरलेलं हवं. लग्नकार्य, जत्रा, भजन, ज्या दिवशी घर उशिरा परततं तीच रात्र नेमकी भोवते. दिवस मावळायच्या आधी डब्यात मूठभर दाणे खुळखुळवून कोंबड्यांना बोलावण्याची सवय लावली की त्या आपण होऊन आत येतात, आणि दार लावताना मोजता येतात.

एवढं करूनही कोंबडी गेली, तर 'कधी आणि कुठून' याचा शोध घ्यायचा. भोर तालुक्यातल्या एका वाडीवर एका मावशींकडे मी ही पद्धत पाहिली. त्यांच्या दोन कोंबड्या लागोपाठ गेल्या होत्या. संध्याकाळी दार लावल्यावर त्यांनी चुलीतली गार राख चाळणीने चाळली आणि खुराड्याभोवती हातभर रुंदीचा पट्टा टाकला, रांगोळी घालावी तशी, हात जमिनीपासून वीतभर वर धरून. वर पाऊल टाकायला मनाई. सकाळी उजाडताच त्या उकिडव्या बसल्या. राखेवर ठसे उठले होते, प्रत्येक ठशाच्या गादीपुढे चार गोल बोटं.

"मुंगूस म्हनावं तर पाच बोटं पायजेत," त्या म्हणाल्या. "आन् नखंबी दिसली पायजेत. कुत्र्याचीबी नखं उठत्यात. हितं न्हाईत. मांजार हाय ह्ये."

"पाळलेलं की रानातलं, मावशी?"

त्यांनी दोन ठशांमध्ये आपली वीत ठेवून दाखवली, ती पुरत नव्हती. "पाळल्यालं येवढ्या ढांगा टाकतंय व्हय? बाऊल हाय."

ठसे जिथे वळले होते तिथे पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये फट होती. ती त्यांनी त्याच दिवशी लाकडी फळी ठोकून बंद केली. मांजराच्या कुळातले प्राणी नखं आत ओढून चालतात, म्हणून ठशात नख उठत नाही. कुत्रा-कोल्ह्याच्या चार बोटांपुढे नखांचे ठिपके येतात. मुंगूस आणि उदमांजर यांच्या पायाला पाच बोटं. मावशींना हे कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं.

राख नसेल तर मागे राहिलेल्या खुणा बोलतात. कोंबडी पूर्ण नाहीशी, वाटेवर तुरळक पिसं, तर रानमांजर किंवा कोल्हा. अनेक कोंबड्या चिंधड्या होऊन पडलेल्या आणि खाल्लेलं काहीच नाही, तर बहुधा मोकाट कुत्री. शिक्रा एका जागी बसून पिसं उपटतो, त्यांचं वर्तुळ राहतं. अंडं कवचासकट गेलं तर साप, कवचाला भोक पाडून आतलं खाल्लं असेल तर कावळा. पण फुटलेल्या अंड्याबाबत आपल्याच कोंबड्यांच्या चोची आधी बघाव्यात. आहारात चुना कमी पडला की कवच पातळ होतं, एखादं अंडं फुटतं, चव लागते आणि कोंबड्या स्वतःच अंडी खाऊ लागतात. शिंपल्यांचा चुरा त्यावर उपाय आहे.

आणखी एक गोष्ट तपासावी, ती फार वेळा राहून जाते. खाल्लेल्या कोंबडीच्या जखमेभोवती रक्त आहे का? रक्त मुळीच सांडलेलं नसेल तर ती आधी मेली होती आणि मग कुणीतरी खाल्ली. अशा वेळी गुन्हेगार मुंगूस नाही, मर किंवा मानमोडी म्हणजे राणीखेत असू शकतो. या रोगाने एका आठवड्यात जितक्या कोंबड्या जातात तितक्या सगळे शिकारी मिळून वर्षभरात नेत नाहीत. पिल्लांना पहिल्याच आठवड्यात लासोटा लस द्यावी, मेलेली कोंबडी उकिरड्यावर न फेकता चुना टाकून खोल पुरावी. उकिरड्यावरच्या मेलेल्या कोंबडीनेच कुत्र्याला कोंबडीची चटक लागते.

सापांबद्दल एक कळकळीचं सांगणं आहे. अंधारात खुडूक कोंबडीखाली किंवा अंड्यांच्या टोपलीत उघडा हात घालू नका. नाग अंडी आणि पिल्लं खायला येतो, घोणस उंदरांमागे येते. आधी बॅटरीचा झोत, मग काठीने भुसा हलवणं, मग हात. साप दिसला तर सर्पमित्राला बोलवावं. चावलाच तर मांत्रिक नको, थेट रुग्णालय. खुराड्यात दाणे सांडू न देणं आणि खाद्य झाकणाच्या डब्यात ठेवणं हा सापांवरचाही उपाय आहे, कारण दाण्यांवर उंदीर येतात आणि उंदरांवर साप.

राहिला विषाचा आणि फाशांचा मार्ग. कोंबड्या गेल्याचा राग मी समजू शकतो, पण विष घातलेलं मांस परसात ठेवलं की ते पहिल्यांदा शेजाऱ्याचं किंवा आपलंच कुत्रं खातं, त्याच्या मेलेल्या शरीरावर घारी येतात आणि त्याही मरतात. तारेच्या फाशात महाराष्ट्रात बिबटे अडकून मेले आहेत, फास लावणाऱ्याने तो रानडुकरासाठी लावलेला असतो. मुंगूस, रानमांजर, उदमांजर, घोरपड, नाग, शिक्रा या सगळ्यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. कावळा आणि उंदीर पूर्वी त्या कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत उपद्रवी म्हणून नोंदलेले होते; 2022 च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली. कायदा बाजूला ठेवला तरी उपयोगाचा प्रश्न उरतो. एक मुंगूस मारलं की त्याच्या मोकळ्या झालेल्या हद्दीत दुसरं येतं, आणि फट तशीच असते. त्यापेक्षा लहानपणापासून कोंबड्यांसोबत वाढवलेलं कुत्रं हा चांगला राखणदार. बिबट्याच्या पट्ट्यात मात्र, जुन्नरच्या उसाच्या रानासारख्या ठिकाणी, कुत्रं रात्री बाहेर ठेवू नये, बिबट्या कुत्र्यासाठीच येतो. गिनी कोंबड्याही ओरडून जागं करतात, पण त्यांचा ओरडा शेजाऱ्यांना सोसला पाहिजे.

हल्ला झाल्यानंतरचे दोन-तीन दिवस सर्वांत जोखमीचे असतात. जिथे मिळालं तिथे शिकारी पुन्हा येतो, बहुधा त्याच वाटेने आणि त्याच वेळेला. म्हणून उरलेल्या कोंबड्या तीन दिवस बाहेर सोडू नयेत, आतच दाणा-पाणी द्यावं. हिरवा पाला बांधून ठेवला तर त्या चोचा मारण्यात गुंततात आणि एकमेकींची पिसं उपटत नाहीत. जखमी कोंबडी वेगळी काढावी, कारण रक्त दिसलं की बाकीच्या तिलाच टोचतात. जखम हळदीच्या पाण्याने धुऊन, मोठी असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावी. सांडलेलं रक्त आणि पिसं त्याच दिवशी गोळा करून पुरावीत, जमिनीवर राख टाकावी. संध्याकाळी राखेचा पट्टा पुन्हा घालावा. तिसऱ्या सकाळपर्यंत ठसे जाळीपाशी येऊन परत फिरलेले दिसले, तर फट बुजली असं समजावं आणि चौथ्या दिवशी ऊन चांगलं वर आल्यावर, घरात कुणीतरी असताना, दार उघडावं.